मांजराची जीभ आणि आपला घास



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांचा आग्रह असे की विज्ञान प्रयोगशाळेत अडकून पडता कामा नये, ते स्वयंपाकघरापर्यंत पोचले पाहिजे. म्हणून आजचा विषय मी स्वयंपाकघरातलाच निवडला आहे: पाळीव मांजर आणि चॉकलेट. मी जनावरांचा डॉक्टर आहे. गाईम्हशींच्या दवाखान्यात सुरुवात केली आणि आता शहरात मांजरेच जास्त तपासतो. तेव्हा मी बोलणार आहे ते दवाखान्याच्या टेबलाशी उभे राहून जे दिसते त्याबद्दल.

कुत्र्याला चॉकलेट देऊ नये, हे आता पुष्कळ घरांत माहीत झाले आहे. मांजराचे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "डॉक्टर, आमचे मांजर गोड खातच नाही." या एका वाक्यावर मला आज बोलायचे आहे. वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या भागावर घर निर्धास्त होते.

आधी खरा भाग पाहू. मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडी ओळखणारी जी यंत्रणा असते, ती दोन प्रथिने एकत्र येऊन बनते. त्यातल्या एका प्रथिनाचे जनुक मांजरात मोडलेले आहे. 2005 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिले. त्या जनुकातली 247 अक्षरे गळालेली आहेत आणि त्यामुळे ते प्रथिन तयारच होत नाही. त्यांनी वाघ आणि चित्ता यांनाही तपासले. तिथेही तीच स्थिती. म्हणजे ताडोबातल्या वाघापुढे गुळाची ढेप ठेवा किंवा आपल्या सोफ्यावरच्या मांजरापुढे पेढा ठेवा, साखर दोघांच्याही जिभेला मुकीच.

मग प्रश्न उरतो: गोड कळत नाही, तर मांजर चॉकलेटच्या वाटेला जाईल कशाला?

ते चॉकलेटच्या वाटेला जात नाही. ते सायीच्या, लोण्याच्या, खव्याच्या, दुधाच्या वाटेला जाते. मांजराला स्निग्ध पदार्थांची आणि प्रथिनांची ओढ असते आणि त्याचे नाक ती बरोबर शोधून काढते. आपण चॉकलेट कशात घालून खातो, ते आठवून पाहा. आइस्क्रीममध्ये. केकवरच्या क्रीममध्ये. थंड दुधात. लोणावळ्याहून आणलेल्या फजमध्ये. आणि गणपतीच्या दहा दिवसांत, चॉकलेट मोदकात. मांजर वाटीच्या कडेला लागलेले आइस्क्रीम चाटते तेव्हा ते दूध चाटत असते. कोको सोबत आत जातो.

दुसरी वाट याहून महत्त्वाची आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. मांजराची जीभ नुसती खाण्यासाठी नाही, ती अंग साफ करण्यासाठीही आहे. जागे असतानाचा मोठा वेळ मांजर स्वतःला चाटण्यात घालवते. अंगावर जे सांडेल, पंजाला जे लागेल, ते अखेर पोटात जाते. आवडो, न आवडो. ओट्यावर कोको पावडरची पुडी उलटली, मांजर तिच्यावरून चालत गेले, आपण ओटा पुसून घेतला आणि विसरलो. मांजर कोपऱ्यात बसून पंजे चाटून स्वच्छ करते. "ते खातच नाही" हे आपले वाक्य इथे काय कामाचे? खाल्ले नाही, हे खरेच. पण पोटात तर गेले.

आता चॉकलेटमध्ये असे असते तरी काय? साखर आणि चरबी तर असतेच, पण विषारी भाग आहे तो कोकोच्या बियांमधला. दोन द्रव्ये आहेत: थिओब्रोमिन आणि कॅफिन. दोन्ही एकाच कुळातली. 1841 साली अलेक्झांडर वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने कोकोच्या बियांतून थिओब्रोमिन वेगळे काढले. हेच पुढे मेंडेलीव्हचे शिक्षक झाले. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन जास्त आणि कॅफिन कमी असते, पण शरीरात दोघे एकाच दिशेने काम करतात.

काय करतात? आपल्या शरीरात ॲडेनोसिन नावाचे एक द्रव्य असते. ते पेशींना सांगते: आता दमाने घ्या, विसावा घ्या. ज्या जागी बसून ॲडेनोसिन हा निरोप देते, ती जागा थिओब्रोमिन आणि कॅफिन अडवून ठेवतात. निरोप पोचत नाही. मेंदू शांत होत नाही, हृदयाची गती उतरत नाही. शिवाय स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम वाढते आणि स्नायू ताठर होतात, थरथरू लागतात. सकाळच्या कॉफीने आपल्याला जी तरतरी येते, ती हीच. पण आपले वजन साठ-सत्तर किलो, मांजराचे चार. आणि आपले यकृत थिओब्रोमिनचा निचरा लवकर करते. सात-आठ तासांत निम्मे उतरते. कुत्र्याच्या शरीरात निम्मे उतरायला साडेसतरा तास लागतात. मांजरही याबाबतीत आपल्या पंक्तीत बसत नाही, तेही मंदच. जे आपल्यासाठी एका दुपारचे काम, ते त्यांच्यासाठी दोन-तीन दिवसांचे संकट होते.

हे फक्त पाळीव प्राण्यांपुरते नाही. 2014 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात चार अस्वले मेलेली सापडली. शिकाऱ्यांनी आमिष म्हणून चॉकलेट ठेवले होते. शवविच्छेदनात थिओब्रोमिनच निघाले, आणि पुढे त्या राज्याने आमिषात चॉकलेट वापरायला बंदी घातली. अस्वलाची ही गत, तर चार किलोच्या जिवाची काय कथा?

आता थोडा हिशेब करू. पालकांना औषधाची मात्रा जशी माहीत असावी लागते, तसे मांजर पाळणाऱ्याला हे आकडे माहीत असावेत. पशुवैद्यकात धरले जाते ते असे: शरीराच्या एका किलोमागे 20 मिलिग्रॅम ही द्रव्ये गेली की अस्वस्थता, उलट्या, जुलाब सुरू होतात. 40 ते 50 मिलिग्रॅमला हृदयावर परिणाम दिसतो. 60 च्या वर आचके येऊ शकतात. हे आकडे मुख्यतः कुत्र्यांवरून आलेले आहेत, आणि मांजराच्या बाबतीत आम्ही ते सैल करत नाही.

आता चार किलोचे मांजर घ्या. त्याची पहिली पायरी 80 मिलिग्रॅम. मिल्क चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला साधारण दोन मिलिग्रॅम असते, म्हणजे 35-40 ग्रॅम लागेल. एवढे मांजर सहसा खाणार नाही, हे मी मान्य करतो. डार्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला पाच-साडेपाच, म्हणजे पंधरा ग्रॅम पुरे. केकसाठी आणतात त्या बिनसाखरेच्या चॉकलेटच्या लादीत ग्रॅमला पंधरा-सोळा, तिथे पाच ग्रॅमवर काम होते. आणि कोको पावडर? ग्रॅमला 20 ते 28. तीन-चार ग्रॅम. चहाचा दीड चमचा! पांढऱ्या चॉकलेटमध्ये ही द्रव्ये जवळजवळ नसतातच. पण त्यातल्या चरबीने पोट बिघडते, तेव्हा तेही देऊ नये.

गणित समजले, आता चॉकलेट मोदकाकडे येऊ या. अनेक घरांत तो खवा आणि कोको पावडर घालून करतात. समजा एका पाव किलो खव्याला तीन मोठे चमचे कोको घातला, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, आणि त्याचे वीस मोदक झाले. एका मोदकात सुमारे वीस मिलिग्रॅम आले. मोठ्या मांजराने एखादा मोदक कुरतडला तर बहुधा निभावते. पण आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत, पावसाळ्याच्या शेवटी, घरोघरी पिल्ले असतात. एक किलोचे पिल्लू. त्याला एकच मोदक पुरेसा आहे. नैवेद्याचे ताट खाली ठेवलेले, घरात पाहुण्यांची वर्दळ, आरती चालू, पोरे इकडून तिकडे पळतात, आणि खव्याच्या वासाने पिल्लू ताटापाशी आलेले. कोणाचे लक्ष आहे? पिल्लाला तर साखर कळत नाही, पण खवा फार चांगला कळतो.

मी मोदक करू नका असे म्हणत नाही. मी म्हणतो, चॉकलेट मोदकाचे ताट झाकणाखाली आणि उंचावर हवे. आणि लहान मुलांना सांगा. मुले प्रेमाने घास भरवतात, आणि आपल्या संस्कृतीत घास भरवणे हे प्रेमाचे पहिले रूप आहे. वाढदिवसाच्या केकचा तुकडा हातात घेऊन मूल मांजराच्या मागे धावते, त्यात वाईट काहीच नाही. त्या मुलाला एवढेच शिकवायचे: मांजराचा खाऊ वेगळा आणि आपला खाऊ वेगळा. सात वर्षांच्या मुलाला हे सहज कळते. अनुभवाने सांगतो, मोठ्यांनाच पटायला वेळ लागतो. "थोडेसे दिले तर काय होते?" हा प्रश्न मला मुलांनी कधी विचारलेला नाही.

या साऱ्यात आणखी एक अडचण आहे. चॉकलेटच्या विषबाधेने येणाऱ्या प्राण्यांत कुत्रेच फार. मांजरे कमी येतात. आणि कमी येतात म्हणूनच मांजर थरथरत आले तर घरच्यांना चॉकलेट आठवत नाही, आणि डॉक्टरही तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारतो. त्यातच मांजर आजार लपवते. कुत्रा दारात येऊन कण्हतो. मांजर पलंगाखाली, कपाटामागे, वॉशिंग मशीनच्या फटीत जाऊन बसते. आपण म्हणतो, आज रुसले आहे. रुसलेले नसते ते.

लक्षणे खाल्ल्यापासून साधारण सहा ते बारा तासांत दिसू लागतात, कधी त्याहून लवकर. आधी बेचैनी. एका जागी बसवत नाही, डोळ्यांची बाहुली मोठी, विनाकारण म्याव म्याव. मग तहान, उलट्या, जुलाब, वरचेवर लघवी. पुढे श्वास जलद होतो. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर चॉकलेटचा संबंध असो वा नसो, लगेच दवाखाना गाठा. मांजरात तोंडाने श्वास घेणे हे नेहमीच गंभीर लक्षण आहे. त्यानंतर थरथर, चालताना तोल जाणे, अंग तापणे, आचके. शेवटी हृदयाची लय बिघडते.

हृदयाविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. मांजरांमध्ये हृदयाची भिंत जाड होण्याचा आजार पुष्कळ आढळतो. साधारण दर सात मांजरांमागे एकाला तो असतो, आणि बहुतेकांत बाहेरून काहीच दिसत नाही. मांजर खाते-पिते, खेळते, अंगाने गुटगुटीत असते. अशा जाड भिंतीच्या हृदयाला थिओब्रोमिनने पळवले तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून मी सांगितलेली मात्रा कोणी सुरक्षिततेची रेषा समजू नये.

आता मुख्य भागाकडे येतो. मांजराने चॉकलेट खाल्ले किंवा अंगावरचे चाटले असे कळले, तर काय करायचे? आणि त्याहून महत्त्वाचे, काय करायचे नाही?

उलटी करवायची नाही. आपल्या घरांत मिठाचे पाणी पाजण्याची जुनी रीत आहे. माणसांसाठीही ती चांगली नाही, मांजरासाठी तर ती घातक आहे. रक्तातले मीठ इतके वाढते की मेंदूला सूज येते. काही लोक हायड्रोजन पेरॉक्साइड पाजतात. ते कुत्र्यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरले जाते, मांजराच्या जठरात त्याने रक्तस्राव होतो. दूध पाजून विष उतरत नाही. तूप चाटवून तर उतरतच नाही, उलट चरबी वाढते. आणि जबरदस्तीने काही पाजले तर थरथरणाऱ्या मांजराच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते. मित्रहो, हे सगळे करणारे लोक निष्काळजी नसतात. काळजीपोटीच करतात. म्हणूनच मी हे इतके ठासून सांगतो आहे.

सर्वांत मोठी चूक कोणती, ते आता सांगतो. मांजराचे अंग तापलेले असते. घरात लहान मूल असते, तापाचे औषध कपाटात असते. कोणीतरी म्हणते, चमचाभर पॅरासिटामॉल देऊ या. मांजराला पॅरासिटामॉल देणे म्हणजे एका विषावर दुसरे विष घालणे. औषधे निरुपद्रवी करून शरीराबाहेर काढण्यासाठी माणसाचे यकृत त्यांना ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडते. हे काम करणारे एक महत्त्वाचे जनुक मांजरात निकामी आहे. मघाशी जिभेचे सांगितले, आता यकृताचे सांगतो. दोन्हीकडे जनुक मोडलेले, आणि दोन्हीमागे मांसाहारावर जगत आलेल्या प्राण्याची वंशकथा आहे. वनस्पतींतल्या अनेक रसायनांशी मांजराचा फारसा संबंध आला नाही, म्हणून ती काढून टाकण्याची साधनेही त्याच्याकडे कमीच राहिली. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात अडकते आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास नालायक करते. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. मुलांच्या काही सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, 250 मिलिग्रॅम असते. चार किलोच्या मांजराला हे जिवावर बेतण्याइतके पुष्कळ झाले. तापासाठी आणलेले औषध चॉकलेटपेक्षा लवकर मारू शकते.

मग करायचे काय? फोन. वेळ न घालवता जवळच्या पशुवैद्याला फोन. सोबत चार गोष्टी सांगायच्या: मांजराचे वजन, काय खाल्ले, अंदाजे किती, आणि केव्हा. वेष्टन फेकू नका, ते घेऊन या. त्यावर कोकोचे प्रमाण छापलेले असते आणि आमचा निम्मा अंदाज त्यावरून होतो. वेष्टन नसेल तर मूळ डबा आणा, फोटो आणा. अंगावर कोको लागला असेल, तर कोमट पाण्याने ओल्या कापडाने पुसा. मांजराला चाटू देऊ नका. टॉवेलमध्ये गुंडाळून, डोके मोकळे ठेवून, पेटीत ठेवा. लक्षणे दिसायची वाट पाहू नका.

दवाखान्यात काय होते, हेही सांगतो, कारण अंदाज असला की घरचे घाबरत नाहीत. वेळेत आणले असेल तर डॉक्टर योग्य औषधाने उलटी करवतात. कुत्र्यांत चालणारी औषधे मांजरात चालतातच असे नाही, म्हणून हे काम घरी नको. मग द्रव्ये शोषून घेणारा कोळसा देतात, सलाईन चालू करतात, हृदयाचा आलेख पाहतात, आचके थांबवणारी औषधे देतात. या विषावर उतारा म्हणून कुठलेही औषध नाही. शरीराला ते बाहेर काढायला मदत करायची, आणि तोवर हृदय आणि मेंदू सांभाळायचे. एक विचित्र गोष्ट इथे घडते: थिओब्रोमिन लघवीत उतरते आणि मूत्राशयाच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरू शकते. म्हणून मूत्राशय रिकामे ठेवावे लागते, त्यासाठी कधी नळी घालतात. दोन-तीन दिवस मांजर दवाखान्यात राहू शकते. "इतके दिवस कशाला, मांजरच तर आहे" असे कोणी म्हटले तर मला फार वाईट वाटते, आणि ते मी इथे मोकळेपणाने सांगतो. दीड किलोच्या पिल्लाची नाडी लागत नाही म्हणून जी बाई रात्रभर दवाखान्यात बाकावर बसून राहते, तिला कोणी "मांजरच तर आहे" म्हणू नये.

आणखी थोडे, कोको नसलेल्या घरांसाठी. कॉफीची पूड, चहाची पूड हीदेखील त्याच कुळातली. इन्स्टंट कॉफीची उघडी बरणी आणि गुलाबाच्या कुंडीत टाकलेला चहाचा चोथा, दोन्ही मांजरापासून दूर ठेवा. कांदा आणि लसूण, भाजीतले असोत की पावडरीतले, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून आपल्या रश्श्याचा भात त्याला नको. लिलीची फुले घरात मांजर असेल तर आणूच नका. हल्ली पुष्पगुच्छांत ती असतातच. नुसते पराग अंगाला लागून चाटले गेले तरी मूत्रपिंडे निकामी होतात. पुन्हा तीच जीभ, तीच स्वच्छतेची सवय.

मांजराला काय द्यावे, असे विचाराल. उकडलेले, मीठमसाला नसलेले चिकन, हाडे काढून. उकडलेला मासा, काटे काढून, अधूनमधून. आणि ताजे पाणी. दुधाची आपल्याला फार हौस आहे, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. लाडाचा तोच घास आहे असे आपण ठरवून टाकले आहे, मांजराने नव्हे.

घरी गेल्यावर फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर मांजराचे आत्ताचे वजन लिहा, पिल्लाचे असेल तर दर महिन्याला बदला. जवळच्या पशुवैद्याचा फोन लिहा, आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तेही लिहा. तो दिवसा शोधून ठेवा, रात्री दोन वाजता शोधायला लागू नये. मी बाहेर तासभर थांबणार आहे. ज्यांच्याकडे पिल्ले आहेत त्यांनी आधी यावे, बाकीच्यांनी प्रश्न आता विचारले तरी चालतील.